कुस्ती लागली, पण झाली का?

२०२३ या एकाच वर्षात महाराष्ट्र केसरीच्या दोन अंतिम कुस्त्या मिनिटाच्या आत संपल्या. जानेवारीत पुण्याच्या कोथरूडमध्ये शिवराज राक्षेनं महेंद्र गायकवाडला चितपट केलं. नोव्हेंबरात पुण्याजवळच्या फुलगावला सिकंदर शेखनं त्याच राक्षेला झोळी डावावर अवघ्या २२ सेकंदांत अस्मान दाखवलं. तरीही जानेवारीतली गदा राक्षेच्या खांद्यावर गेल्यानंतर गावोगावच्या पारांवर आणि मोबाइलवर वाद धुमसत राहिला, आणि नोव्हेंबरातली गदा सिकंदरच्या खांद्यावर गेली तसा तो विझला. दोन्ही कुस्त्या सारख्याच आखूड, पण एकीनं लोकांचं समाधान झालं आणि दुसरीनं झालं नाही. पाडण्याच्या सफाईत याचं उत्तर सापडत नाही, कारण राक्षेनंही गायकवाडला निर्विवाद पाडलं होतं. उत्तर सापडतं ते त्या अंतिम कुस्तीच्या आधीच्या कुस्तीत. माती विभागात गायकवाड आणि सिकंदर भिडले, गायकवाडनं बाहेरची टांग मारली आणि पंचांनी त्याला चार गुण दिले. सिकंदर धोक्याच्या स्थितीत गेलाच नव्हता, गुण दोनच द्यायला हवे होते, असं त्याच्या चाहत्यांचं म्हणणं. ती चित्रफीत लोकांनी थांबवून थांबवून पाहिली, पाठीचा कोन किती अंशांचा होता यावर कधी आखाड्यात पाय न ठेवलेले लोकही हिरिरीनं बोलू लागले. सिकंदर खरोखर हरला का, हा प्रश्न लोकांच्या मनात होता. अंतिम कुस्तीनं उत्तर दिलं ते राक्षे आणि गायकवाड यांच्यात सरस कोण, या प्रश्नाचं. राक्षेचा यात काडीचाही दोष नव्हता, पण त्याच्या वाट्याला दुसऱ्याच गोष्टीचा शेवट आला होता. दहा महिन्यांनी सिकंदर त्याच किताबासाठी त्याच राक्षेसमोर उभा राहिला तेव्हा गोष्ट आणि कुस्ती पुन्हा एका रेषेत आल्या, मग २२ सेकंदही पुरले.

कुस्तीची गोष्ट कुस्तीआधी सुरू होते. कोण कुणाचा पठ्ठा, कोण कुणाकडून कुठे हरला, कोण मातीतला आणि कोण गादीवरचा, कुणाच्या घरात हमाली आणि कुणाच्या घरात तीन पिढ्यांची तालीम, एवढं कळलं की दोन पैलवान हाताला हात लावायच्या आत बघणाऱ्याच्या डोक्यात एक प्रश्न तयार झालेला असतो. माझं म्हणणं असं की कुस्ती आपल्या गोष्टीला जागते ती तो नेमका प्रश्न डावपेचांनी सोडवते तेव्हा. ती किती वेळ चालली, किती रंगली, निकाल आधी ठरलेला होता की नव्हता, या बाबी त्यानंतरच्या. यातली शेवटची बाब अनेकांना खटकेल. तिच्याकडे येऊच.

हे म्हणणं तपासायला कोल्हापूरपेक्षा वडनेर भोलजी अधिक सोयीचं. बुलडाणा जिल्ह्यातल्या नांदुरा तालुक्यातलं, मलकापूर ते नांदुरा या महामार्गावरचं हे गाव. कुस्तीच्या नकाशावर त्याचं नाव ठळक नाही, आणि म्हणूनच ते उपयोगाचं. कोल्हापुरातला माणूस पहाटे गंगावेस तालमीत डोकावून पैलवान किती जोर मारतो, किती वेळ लढत धरतो, हे आपल्या डोळ्यांनी बघू शकतो, त्यामुळे त्याला गोष्टीची तेवढी गरज नसते. वडनेरच्या माणसापर्यंत पैलवान पोचण्याआधी त्याची गोष्ट पोचते. पूर्वी ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरून यायची, आता मोबाइलवरून येते, शड्डूच्या आवाजाला संगीत जोडून आणि चेहऱ्यावर कॅमेरा संथ करून. याचा अर्थ या भागाला कुस्ती परकी आहे असा नाही. वडनेरहून नांदुऱ्याकडे निघालं की महामार्गालगत १०५ फुटी हनुमान उभा दिसतो, आणि गावोगावच्या यात्रांत दंगल असतेच. १९६१ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन १९६७ मध्ये शेजारच्या खामगावला भरलं होतं, आणि चंबा मुतनाळांनी तिथे किताब घेतला होता. पण ते एकदाच. एरवी इथल्या प्रेक्षकाला मोठी कुस्ती भेटली ती गोष्टीच्या वाटेनं, आणि गोष्टीच्या वाटेनं येणाऱ्या कुस्त्यांत त्यानं आणखी एक जात पाहिली, अमेरिकेतली.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे आजचं डब्ल्यूडब्ल्यूई, घरोघरी दिसू लागलं. दूरचित्रवाणी नसलेल्या घरातली मुलंही पत्त्यांच्या कॅटवरून अंडरटेकरची उंची आणि छाती पाठ करून बसली. ती कुस्ती लुटुपुटूची असते, निकाल आधी ठरतो, हे मोठ्या माणसांनी त्या मुलांना तेव्हाच सांगितलं होतं, आणि मुलांनी ते ऐकून घेऊन बघणं चालूच ठेवलं. त्या बघण्यातही काही कुस्त्या लक्षात राहिल्या आणि बाकीच्या शेकडो गळून गेल्या, ही गोष्ट कुणी गंभीरपणे घेत नाही. सगळ्याच लुटुपुटूच्या असतील तर त्यातली एक चांगली आणि दुसरी टाकाऊ हे ठरतं कशावर?

२३ मार्च १९९७ रोजी शिकागोजवळ झालेली ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन यांची कुस्ती घेऊ. हार्ट हा नियमानं लढणारा, कुस्ती कळणारा नायक, आणि ऑस्टिन शिवराळ, दांडगट खलनायक, अशी मांडणी होती. पण आधीच्या महिन्यांत हार्टच्या तोंडी तक्रारी वाढत गेल्या होत्या, माझ्यावर अन्याय होतोय, लोक बदललेत, अशा. प्रेक्षकांच्या मनात त्यामुळे साधा जिंकणार कोण हा प्रश्न नव्हता. यांच्यात सच्चा कोण, असा तो झाला होता. कुस्तीची अटही तशीच निवडलेली. पाठ टेकवून चालणार नाही, समोरच्यानं तोंडानं हार कबूल केली पाहिजे. शेवटी ऑस्टिनचं डोकं फुटलेलं आहे, चेहरा रक्तानं भरलाय, हार्टनं त्याचे दोन्ही पाय आपल्या पायात अडकवून त्याला पालथा दाबलाय, आणि ऑस्टिन ओरडतो, हातांवर उठू बघतो, पण हार म्हणत नाही. तो तसाच बेशुद्ध पडतो आणि पंच केन शॅमरॉक कुस्ती थांबवतो. हार्ट जिंकला, पण बेशुद्ध माणसाला तो पुन्हा मारायला धावला आणि पंचाला त्याला ओढून काढावं लागलं. आत येताना शिव्या खाणारा ऑस्टिन उठून लंगडत निघाला तेव्हा मैदान त्याच्या नावानं गर्जत होतं. निकाल लिहिणाऱ्यानं लिहिला होता हे खरं, पण सच्चा कोण याचं उत्तर कुणी ध्वनिक्षेपकावर सांगितलं नाही. एका पकडीतून आणि न उच्चारलेल्या एका शब्दातून ते लोकांना कळलं. याच मापानं २०१० ची शॉन मायकेल्स आणि अंडरटेकरची कुस्ती मोजता येते. आदल्या वर्षी मायकेल्स हरला होता आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं, म्हणून त्यानं हरलो तर कुस्ती सोडेन असा पण लावला, हरला, आणि सोडली. प्रश्न एका माणसाच्या हट्टाची किंमत काय, हा होता, आणि ती किंमत त्यानं पुरती मोजली. अर्थात नोव्हेंबर २०१८ मध्ये तो सौदी अरेबियात रियाधला जोडीच्या कुस्तीत पुन्हा उतरला. झालेला शेवट असा परत उघडला की जुनी कुस्तीसुद्धा मागे जाऊन थोडी स्वस्त होते, हा त्या धंद्याचा कायमचा रोग आहे.

आता तो आक्षेप. ठरवून केलेल्या कुस्तीची मातीतल्या कुस्तीशी तुलनाच कशी करता? एक नाटक, दुसरी झुंज. हा आक्षेप कुस्तीगिरांच्या बाजूनं रास्त आहे. खऱ्या पैलवानाचा घाम आणि त्याची हार खरी असते, आणि मातीत नुरा कुस्ती करणारा त्याच घामाचा अपमान करतो. पण आक्षेप प्रेक्षकाच्या बाजूनं लावायला गेलं की तो टिकत नाही. आपल्याकडे दशावतारात संकासुर मरणार हे माहीत असलेला माणूस पहाटेपर्यंत बसतो, आणि कीर्तनातलं आख्यान ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही शेवट नवा नसतो. तो बसतो ते शेवट कसा येतो हे बघायला, आणि त्यात तो अतिशय कठोर असतो. नुरा कुस्तीचा गुन्हा निकाल ठरवणं एवढाच नाही, ठरवलेला निकाल खरा म्हणून विकणं हा तिचा खरा गुन्हा. डब्ल्यूडब्ल्यूईनं निदान हे सोंग कधीच सोडून दिलंय. त्यामुळे दोन्हींची किंमत एक नसली, तरी गोष्टीला न्याय मिळाला की नाही हे मोजायची पट्टी एक असू शकते.

महाराष्ट्राला तर या दोन जातींच्या मधल्या कुंपणावर बसलेला एक मोठा माणूस ठाऊक आहे. दारासिंग पंजाबचे, पण त्यांची कर्मभूमी मुंबई. पन्नास-साठच्या दशकांत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर फ्रीस्टाइलच्या नावानं ज्या कुस्त्या व्हायच्या त्यांत दारासिंग आणि किंगकाँग ही जोड सगळ्यात गाजलेली. किंगकाँग म्हणजे एमिल झाया, हंगेरियन वंशाचा अवाढव्य गडी. प्रश्न सरळ होता, एवढ्या डोंगराला आपला माणूस उचलू शकतो का. त्यातल्या किती कुस्त्या खऱ्या यावर तेव्हाही वाद होता आणि आजही आहे. १९६८ च्या मे महिन्यात मुंबईतच दारासिंगांनी लू थेझला हरवून जागतिक विजेतेपद घेतलं. थेझ हा अमेरिकेतला असा माणूस की ठरवलेल्या कुस्तीच्या धंद्यात राहूनही ज्याच्या पकडीबद्दल कुणी शंका घेत नसे, म्हणून त्या विजयाला वजन आलं. पुढे १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिकेत हेच दारासिंग हनुमान झाले, आणि आखाड्यातल्या हनुमानाच्या तसबिरीला रोज नमस्कार करणाऱ्या पैलवानांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वरळीतल्या निकालांवर संशय घेणारे लोकही या माणसाच्या बळावर संशय घेत नव्हते. गोष्ट टिकली ती बळ खरं होतं म्हणून. हा अडाणी भाबडेपणा नव्हता, ती बऱ्यापैकी नेमकी पारख होती.

गोष्ट किती काळ ताटकळू शकते आणि कुस्ती केवढ्या थोडक्यात तिचं देणं फेडू शकते, याचा सगळ्यात चोख पुरावा मात्र गामा आणि झिबिस्को यांच्या दोन कुस्त्यांत आहे. १९१० मध्ये गामा लंडनला गेला. उंचीनं कमी म्हणून त्याला सुरुवातीला कुणी दारात उभं करेना, म्हणून त्यानं जाहीर आव्हानं दिली, डॉक्टर बेंजामिन रोलरला सहज लोळवलं, आणि १० सप्टेंबरला पोलंडचा स्टानिस्लाव झिबिस्को त्याच्यासमोर आला. गोष्ट याहून मोठी असू शकत नव्हती. साम्राज्याची राजधानी, गुलाम देशातला पैलवान आणि समोर युरोपातला नाणावलेला मल्ल. कुस्ती सुरू झाली आणि झिबिस्को गादीवर पालथा पडून राहिला. गामा वरून ओढतोय, उलटवू पाहतोय, आणि खालचा माणूस जमिनीला चिकटून बसलाय, हे अडीच तासांहून अधिक वेळ चाललं आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात फेरकुस्ती ठरली, झिबिस्को आलाच नाही, पट्टा गामाला मिळाला. नियमानं गामा जिंकला, पण सरस कोण हे कुणालाच दिसलं नाही. प्रश्न अठरा वर्षं लोंबकळत राहिला. १९२८ च्या जानेवारीत पतियाळात महाराजांच्या आश्रयानं दोघं पुन्हा उभे राहिले, आता दोघंही पन्नाशीला टेकलेले, आणि गामानं त्याला मिनिटाच्या आत पाडलं. लंडनचे अडीच तास कुणाच्या लेखी जमा नाहीत. पतियाळातलं ते अपुरं मिनिट दंतकथा होऊन बसलं. लांबून आलेल्या प्रेक्षकाला २२ सेकंदांत घरी पाठवणं ही फसवणूक आहे, अशी तक्रार फुलगावनंतरही झाली. तिला पतियाळा हे उत्तर पुरेसं आहे. प्रेक्षक तासावर पैसे मोजत नाही. तसं असतं तर लंडनच्या कुस्तीची आठवण सगळ्यात गोड असायला हवी होती.

बुलडाण्याच्या वाट्याला मात्र गोष्ट आली ती वेगळ्याच अंगानं. डिसेंबर २०१८, जालना. अभिजित कटके सलग तिसऱ्यांदा अंतिम फेरीत होता. २०१६ मध्ये वारज्यात विजय चौधरीकडून हरलेला, २०१७ मध्ये भूगावला किरण भगतला हरवून किताब घेतलेला. समोर बाला रफिक शेख, नावापुढे जिल्हा बुलडाणा. तो मूळचा करमाळा तालुक्यातल्या खडकीचा. कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली घडलेला, पुढे पुण्यात सराव करणारा. बुलडाण्याशी त्याचं नातं स्पर्धेतल्या प्रवेशापुरतं. माती विभागातून आलेल्या या पैलवानानं गादीवर कटकेला ११-३ असं हरवलं, आणि बुलडाण्याच्या गावागावांत फटाके वाजले. हे फटाके खोट्या गोष्टीवर वाजले, असं म्हणणारे होते, आणि त्यांचं म्हणणं कोरडेपणानं पाहिलं तर बरोबर आहे. नांदुरा किंवा वडनेरच्या मातीत त्यानं उमेदवारी केलेली नव्हती. पण जिल्ह्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी त्या कुस्तीमागे दुसरी, जास्त खरी गोष्ट उभी होती. १९६० चे हिंदकेसरी, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य घेतलेले आंदळकर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गेले होते. वस्तादाच्या माघारी पठ्ठा काय करतो, आणि मातीत वाढलेला गडी गादीवर गुण मोजून लढणाऱ्यांच्या खेळात टिकतो का, हे दोन प्रश्न त्या अंतिम कुस्तीत होते आणि आठ गुणांच्या फरकानं दोन्ही सुटले. बुलडाण्याची गोष्ट वरून चिकटवलेली, म्हणून ती कुस्तीनं सोडवायचा प्रश्नच आला नाही. फक्त नाव यादीत आलं. प्रवेश कुठल्या जिल्ह्यातून घ्यायचा ही आता पैलवानांची सरळसरळ व्यावहारिक बाब झालीय आणि त्यात बेकायदा काही नाही. पण त्या नावावर भावना उभी करणाऱ्या बातम्यांनी निदान करमाळ्याचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात करावा.

याच्या उलट उदाहरण १३ महिन्यांनंतरचं. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके अंतिम फेरीत आले, आणि दोघंही काका पवारांचे पठ्ठे, एकाच तालमीत लढत करणारे. वस्तादाच्या घरात गदा येणार हे आधीच पक्कं, मग उत्सुकता कशाची, असं कुणालाही वाटावं. सदगीर ३-२ नं जिंकला. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या कित्येकांना ती कुस्ती रटाळ वाटली असेल, कारण मोठा डाव कुणालाच लागेना. पण जरा विचार केला तर त्या जोडीतून दुसरं काही निघणंच शक्य नव्हतं. समोरचा पट कधी काढणार, हात कुठल्या बाजूनं घालणार, हे रोजच्या सरावानं दोघांना पाठ. एकानं हालचाल सुरू करायच्या आत दुसरा ती बुजवतोय. एवढं ओळखत असणाऱ्या दोघांत उरतं काय, हा त्या गोष्टीचा प्रश्न होता. उरतो एक गुण, हे उत्तर. ११-३ असा निकाल लागला असता तर त्या गोष्टीत कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं असतं. शिट्टी झाल्यावर सदगीरनं शेळकेला खांद्यावर घेऊन मैदानात फिरवलं, आणि ते नंतर जोडलेलं दृश्य वाटलं नाही, कारण कुस्तीनंच त्याची तयारी केली होती. कमी गुणांची कुस्ती नेहमी चुकार कुस्ती नसते. १९७७ मध्ये बेळगावात हरिश्चंद्र बिराजदारांनी दिल्लीच्या सत्पालला हरवलं त्या कुस्तीची आठवण जुनी माणसं अजून काढतात. तिथे प्रश्न उत्तरेच्या या मल्लाला महाराष्ट्रात कुणी अडवणार आहे का, असा होता, आणि बरोबरी झाली असती तर तो तसाच राहिला असता. गोष्ट बदलली की कुस्तीकडून अपेक्षा बदलते, गुणांचं एकच माप सगळ्यांना लावता येत नाही.

इथे खेळाच्या बाजूनं एक जास्त वजनदार आक्षेप येतो. पैलवान गोष्टीला बांधील नाही. त्याचं काम जिंकणं. आघाडी घेतल्यावर बचाव करणं हा त्याचा हक्क, आणि प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न सोडवण्यासाठी त्यानं धोका पत्करावा ही मागणी अन्यायाची. हे मान्य. पैलवानाकडून ती मागणी करूच नये. पण खेळानं स्वतः प्रेक्षकाची बाजू केव्हाच घेतलेली आहे. गादीवरच्या कुस्तीत निष्क्रिय राहणाऱ्याला ताकीद मिळते, मग ३० सेकंदांत गुण घेण्याची सक्ती होते, नाही जमलं तर गुण समोरच्याला जातो. झिबिस्कोनं लंडनमध्ये जे केलं ते आजच्या नियमांत दहा मिनिटंही चाललं नसतं. शंका असेल तर प्रशिक्षक कोपऱ्यातून स्पंजचा ठोकळा गादीवर फेकतो आणि चित्रफीत पुन्हा पाहिली जाते. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे की निकाल लागणं पुरेसं नाही, तो दिसला पाहिजे. ती जबाबदारी पैलवानाची नाही, पंचांची आणि आयोजकांची आहे, आणि महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत गोष्टी बिघडल्या त्या बहुतेक याच ठिकाणी.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला तर सगळंच एकदम झालं. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या कुस्तीत राक्षेला चीत दिलं गेलं, त्यानं ते मानलं नाही, पुन्हा चित्रफीत पाहा म्हणाला, वाद चिघळला आणि त्यानं पंचाला लाथ मारली. मग अंतिम कुस्तीत गायकवाड अखेरची काही सेकंदं उरलेली असताना निर्णयावर नाराज होऊन आखाडा सोडून गेला. मोहोळ विजयी झाला, राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर हात किंवा पाय उगारणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, त्यात दुमत असू नये. पण या प्रकरणात सगळ्यात जास्त नुकसान विजेत्याचं झालं, हे फारसं बोललं गेलं नाही. मोहोळनं कदाचित निर्विवाद कुस्ती जिंकली असतीही. त्याला ती जिंकून दाखवायची संधी मिळाली नाही. त्यात दोन संघटनांच्या भांडणातून त्याच वर्षी मार्चमध्ये कर्जतला दुसरी महाराष्ट्र केसरी भरली आणि वेताळ शेळके तिथे विजेता झाला. एका वर्षात दोन महाराष्ट्र केसरी. अमेरिकेतल्या ठरवलेल्या कुस्तीत दोन-दोन पट्टे आणि दोन-दोन विजेते चालतात, कारण त्यांना पुढेमागे एकमेकांसमोर आणण्याचं कथानक लिहिणाऱ्याच्या हातात असतं. इथे दोन कार्यालयांतल्या वादामुळे दोन विजेते झालेत, आणि मोहोळ आणि शेळके यांच्यात सरस कोण हे विचारलं तर सांगायला कुणी बांधील नाही. निकाल ठरवून करणारे लोक गोष्ट पूर्ण करतात आणि खरी कुस्ती करणारे ती अर्धी टाकतात, हा उलटा प्रकार मराठी कुस्तीनं स्वतःवर ओढवून घेतलाय.

गावच्या दंगलीत, निदान अजून तरी, हे एवढं बिघडलेलं नाही. विदर्भ-खानदेशाच्या सीमेवरच्या यात्रांत बरीचशी जोड मैदानातच लागते. पैलवान लंगोट कसून फडाभोवती फिरतो, हात वर करतो, दुसरा येऊन त्याच्या हातात हात देतो, आणि पंचमंडळींतला कुणीतरी जाणता दोघांच्या माना, खांदे आणि मांड्या नजरेनं जोखून हो किंवा नाही म्हणतो. फार विजोड वाटली तर लोकच ओरडतात. मग हलगी, मग इनामाचा पुकारा. या एवढ्या मिनिटभरात गोष्ट तयार होते. हा मलकापूरकडचा, तो अकोल्याकडचा, हा गेल्या वर्षी इथेच हरला होता, यानं मघाशी एकाला पाडलंय तर दम उरलाय का. गोष्ट लहान असते म्हणून कुस्ती तिला पुरी पडते. बिघाड होतो तो शेवटच्या मोठ्या कुस्तीत, जिच्यासाठी बाहेरून नामांकित पैलवान आणलेले असतात, पत्रिकेवर दोघांचे फोटो समोरासमोर छापलेले असतात आणि निवेदक तासभर आधीपासून त्यांच्या किताबांची उजळणी करत असतो. चांगला निवेदक ही मराठी कुस्तीची मोठी कमाई आहे. शंकर पुजारींसारख्यांच्या तोंडून पैलवानाचा इतिहास ऐकणं हा स्वतंत्र आनंद असतो. पण निवेदकानं जितका मोठा प्रश्न उभा केला तितकं मोठं उत्तर द्यायची सोय समितीनं केलेली नसते. दोन्ही पैलवानांना पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावची सुपारी असते, दुखापत परवडत नाही, खडाखडी चालू राहते, अंधार पडत जातो, आणि दोघांचे हात वर करून कुस्ती बरोबरीत सोडवली जाते. इनाम निम्मं-निम्मं. लोक पैलवानांना शिव्या देत घरी जातात.

पैलवानांना दोष देण्यात फार अर्थ नाही, कारण बरोबरीचा निम्मा पैसा आणि हरण्याचा धोका यांत कुणीही शहाणा माणूस पहिलं निवडेल. हिशेब बदलला तर लढतही बदलते. मोठ्या कुस्तीला वेळ ठरवून द्यावा, तो संपला की गुणांवर कुस्ती चालवावी, पहिला गुण घेईल तो विजयी, आणि बरोबरीला इनाम नाही, असं काही समित्यांनी करून पाहिलंय आणि तिथे शेवटची कुस्ती बघायला लोक थांबतात. गावचा पंच हा गावचाच असतो, त्याला उद्या दोन्ही बाजूंच्या पाहुण्यांना तोंड दाखवायचं असतं, म्हणून एक पंच तालुक्याबाहेरचा असावा. मोबाइलवर सगळं मैदान चित्रित होतच असतं, मग वाद झाला तर एक चित्रफीत पंचांनी तिथल्या तिथे पाहायला हरकत नसावी. पत्रिकेवर जाड ठशात ‘निकाली कुस्ती’ छापायची असेल, तर वेळ किती, पंच कोण आणि बरोबरी झाल्यास इनामाचं काय, हे लगेच खालच्या ओळीत छापावं. इनामाचा आकडा त्यामुळे जरा लहान टाइपात गेला तरी चालेल.